चिल होण्याचं लॉगबुक

१ जुलै, सोमवार. सकाळी ६.१०

आज नवं रजिस्टर सुरू केलं. लांब, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याचं. सेक्टर ६ च्या मार्केटमधून आणलं. दुकानदार डायरी दाखवत होता, पण डायरीत रकाने नसतात. पट्टी घेऊन रकाने आखले: वेळ, काम, शेरा. पानाच्या तळाशी दोन चौकोन, डावा 'सोपवलं', उजवा 'घेतलं'.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर छत्तीस वर्षं असंच लॉगबुक लिहिलं. जाणाऱ्या शिफ्टनं डावीकडे सही करायची, येणाऱ्यानं सगळं वाचून उजवीकडे. उजवी सही झाल्याशिवाय जागा सोडायची नाही, मग घरी पाहुणे येवोत की साप निघो. इथे उजवा चौकोन रिकामाच राहणार, रिटायर माणसाला कोण रिलीव्हर? पण चौकोन आखल्याशिवाय पान पुरं वाटत नाही.

हे रजिस्टर माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. माझ्या बायकोला, गयाबाईला, वाचता येतं, पण माझं अक्षर फक्त कंपाउंडरलाच लागतं, हे तिचंच म्हणणं. नात पायल मराठी वाचत नाही. तिला 'ळ' ची भीती वाटते.

कारण लिहून ठेवतो. काल पायल फोनवर तिच्या आईशी बोलत होती. मी ऐकत नव्हतो. तिच्या दाराजवळच्या खिळ्याला पिशवी अडकवत होतो, आणि पिशवीचा बंद लहान असल्यामुळे वेळ लागला. पायल म्हणत होती, आजोबा को बोलो थोड़ा चिल करें, नहीं तो मैं अगस्त से हॉस्टल ले लूँगी. फॉर्म की लास्ट डेट इकतीस है.

पायल म्हणजे आमच्या प्रेमानंदची. तो बिलासपूरला रेल्वेत. पोरगी इथे इंजिनीअरिंगला, वर्षभरापासून आमच्याजवळ. हॉस्टेल दुर्गात, मोहन नगरला. इथून नऊ किलोमीटर. बोलायला नऊ. मायेच्या हिशेबानं परदेश.

संकल्प: तीस दिवसांत चिल व्हायचं. आधी शब्दाचा अभ्यास, मग अंमलबजावणी. कोणाला कळू द्यायचं नाही.

नियम: मागचं पान उलटून पाहायचं नाही. चिल माणूस मागे पाहत नसावा. लिहिलेली पानं कपडे वाळवायच्या चिमट्यानं बंद. चिमटा निळा.

२ जुलै, मंगळवार. सकाळी ६.३०

डिक्शनरी काढली. १९८१ साली नागपूरला फुटपाथवरून घेतलेली. इंग्रजी मी हिच्यावरच शिकलो, A पासून P पर्यंत. पुढे प्रमोशन झालं आणि वेळ मिळाला नाही. C सुरुवातीलाच येतो, त्यामुळे पक्का.

चिल. अर्थ १: थंडी, गारवा. अर्थ २: हुडहुडी. अर्थ ३: उत्साहावर पाणी. अर्थ ४: थंड करणे. अर्थ ५: ओतकामात साच्यात ठेवायचा लोखंडी तुकडा, ज्यानं माल लवकर थिजतो.

डिक्शनरीत चांगला अर्थ एकही नाही. आणि फर्नेसवर तर हा शब्द तोंडातून काढायचा नसे. फर्नेस चिल होणं म्हणजे पोटातलं वितळलेलं लोखंड आतच गोठणं. मग हजार माणसं लागली तरी दिवसेंदिवस ती जागी होत नाही. माझ्या नोकरीत तसं कधी झालं नाही, कारण मी रात्रंदिवस तिच्यावर नजर ठेवून असायचो. (बाकीचेही होते.) छत्तीस वर्षं ज्या गोष्टीपासून फर्नेसला वाचवलं, ती गोष्ट आता ही पोरगी मला करायला सांगून राहिली.

तरी हरकत नाही. घरात चिल आणायचाच.

रजिस्टर टेबलावर उघडं ठेवलं, पेन दोरीनं पायाला बांधलं. टेबलाच्या. लॉगबुक कपाटात ठेवायचं नसतं. सवय.

३ जुलै, बुधवार. सायंकाळ

फील्ड स्टडी. डिक्शनरी जुनी, शब्द नवा, तेव्हा लोकांत जाणं भाग.

प्रथम शेजारी बळीराम. रेल मिलमधून रिटायर. म्हणाला, केवलभाऊ, चिल म्हणजे फ्रिजातली बाटली, आणि तुमाले कावून पाहिजे, कायसाठी, घसा धरन.

मग कमलेशचं झेरॉक्सचं दुकान. कमलेश चाळिशीचा, पण पोरांत बसतो, त्यामुळे भाषा ताजी. त्यानं एका दमात चार अर्थ सांगितले. 'चिल मार' म्हणजे शांत बस. 'चिल है' म्हणजे चालेल. 'चिल करने जा रहे हैं' म्हणजे कुठं चाललो ते विचारू नका. आणि 'वो बंदा चिल है' म्हणजे तो माणूस टोकत नाही. शेवटचा अर्थ सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, पंख्याकडे पाहिलं.

कमलेश सहज म्हणाला की पायल बेटी पण आत्ताच येऊन गेली, काहीतरी झेरॉक्स काढून. काय काढलं, विचारणार होतो. विचारलं नाही. पहिलं यश.

एकूण अर्थ आता दहा, बाटली धरून.

५ जुलै, शुक्रवार. रात्री ८

पायल कॉलेजातून साडेसहाला येते. आज सव्वासातपर्यंत आली नाही. वर्षभराच्या पद्धतीनुसार मी आतापावेतो चार फोन केले असते. आज एकही नाही. फक्त फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. हातात टॉर्च होता. उजेड होता, पण टॉर्च हातात असला की माणूस कामात दिसतो.

सात वीसला आली. मी एक शब्द बोललो नाही. नुसता टॉर्च घड्याळावर मारला. तोही पेटला नाही, सेल संपले.

ती म्हणाली, आजोबा, लैब था. मी म्हणालो, मी विचारलंच कुठं. चेहऱ्यावर पूर्ण चिल.

गयाबाई म्हणाली, तोंड असं कावून केलं, दात दुखून राहिला का?

७ जुलै, रविवार. दुपारी १

विहारात वंदना झाल्यावर दोन शब्द बोलायची संधी मिळाली. मागितली म्हणून मिळाली. विषय: नवी पिढी आणि चिल. मुद्दा असा की चित्त शांत ठेवा हे आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितलेलं आहे, पोरांनी फक्त नाव बदललं. सगळे तल्लीन झाले होते. पस्तीस मिनिटं झाली तेव्हा बळीराम उठून म्हणाला, केवलभाऊ, खीर चिल होऊन राहिली.

शब्द समाजात रुजला. समाधान.

आज सेल बघितले तर टॉर्च पेटला. म्हणजे सेल संपले नव्हते, थकले होते. विश्रांती मिळाली की वस्तू आपोआप सुधारते. हीच चिलची शक्ती.

८ जुलै, सोमवार. सकाळी ७

उद्याची योजना. पायल म्हणते कॉलेजातून सुटल्यावर मैत्रिणींबरोबर सिव्हिक सेंटरला जाते. जावं. माझी ना नाही. फक्त उद्या पाच वाजता मलाही तिकडे काम आहे. सायकलनं जाईन, पिंपळाच्या आडोशाला उभा राहीन. दिसणार नाही. काम कोणतं ते तोवर ठरवतो.

चिमटा आज लाल दिसला. निळा लावला होता असं वाटतं. वय.

९ जुलै, मंगळवार. सायंकाळी ७

योजनेप्रमाणे पाच वाजता पिंपळाखाली पोचलो. पायल तिथे आधीच उभी. हातात समोसे, दोन. म्हणाली, आजोबा, आप भी इधर. मी म्हणालो, सायकलचा वायसर पाहायला आलो. ती म्हणाली, खा लो, ठंडा हो जाएगा. दोन प्लेट मोजून घेतलेल्या. दुसरी मैत्रिणीसाठी असावी, मैत्रीण आली नसावी.

योगायोग किती अचूक असतो पहा. मी समोसा खाल्ला. तिनं स्कूटी हळू चालवली आणि मी सायकलवर शेजारून आलो. वाटेत तिनं विचारलं की वायसर मिळाला का. मी म्हणालो, संपले होते, भिलाईत वायसरची टंचाई आहे.

११ जुलै, गुरुवार

तक्रार. पोह्यात शेंगदाणे मोजून सात. आमच्याकडे तुमसरला शेंगदाण्यात पोहे शोधावे लागत. पण गयाबाईला बोललो नाही. चिल माणूस शेंगदाण्यावरून बोलत नाही. इथे लिहिलं आणि सोडून दिलं. मन हलकं.

१२ जुलै, शुक्रवार

आज पोह्यात शेंगदाणेच शेंगदाणे. वर बारीक चिरलेला हिरवागार सांबार, लिंबू. मी एक शब्द बोललो नव्हतो. यावरून सिद्ध होतं की माणसानं टोकणं सोडलं की समोरचा आपणहून सुधारतो. हे छत्तीस वर्षांत कोण्या साहेबाला कळलं नाही.

पानाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लागलंय. माझंच असणार.

१४ जुलै, रविवार

शब्दाचा प्रत्यक्ष वापर. सकाळी कणीक मळून झाली आणि सिलेंडर संपलं. दुसरं भरलेलं नव्हतं. ते सांगून ठेवायचं काम माझं, असं गयाबाई म्हणते. मी खांद्यावर हात ठेवून म्हणालो, गयाबाई, चिल.

ती म्हणाली, चूल? हो, तेच पेटवा आता आंगणात, अन् बसा फुंकत.

पाऊण तास फुंकली. डोळे लाल. पायल खिडकीतून फोटो काढत होती. मला वाटतं तिला माझी शांतता टिपायची होती.

१६ जुलै, मंगळवार. सायंकाळी ६.३०

आज कसोटी. पायलबरोबर एक मुलगा घरी आला. राजदीप. प्रोजेक्ट पार्टनर. वर्गात चार मुली असताना प्रोजेक्टला मुलगा कशाला लागतो, हा प्रश्न मनात आला आणि मनातच राहिला.

त्याला स्वतः चहा दिला. प्रश्न विचारले फक्त अकरा. गाव, आडनाव, वडील कोणत्या डिपार्टमेंटला (कोक ओव्हन), कोणत्या बॅचचे, क्वार्टर स्वतःचा की लीजचा, आजोबांची तब्येत, असे साधे. शेवटी वातावरण मोकळं व्हावं म्हणून म्हणालो, बेटा, चिल कर. त्यानं चहा एका घोटात संपवला, नमस्ते म्हणाला आणि निघाला. हेल्मेट विसरून गेला. आमच्या घरात किती मोकळं वाटलं असेल तर माणूस हेल्मेट विसरतो.

पायल ताट घेऊन आपल्या खोलीत गेली. गयाबाई म्हणाली, पोराले पोलीस ठाण्यात बसवलं जसं. मी चिल राहिलो. ताट मात्र जरा आपटलं गेलं. निसटलं.

१९ जुलै, शुक्रवार. दुपार

पायल तीन दिवसांपासून येते आणि खोलीत जाते. दार लोटलेलं. लोटलेलं आहे, लावलेलं नाही. फरक आहे.

दुपारी घरात कोणी नव्हतं. गयाबाई बळीरामकडे पापड लाटायला. बसून बसून एक हिशेब केला. प्रेमानंद लहान असताना मी ए शिफ्टला असलो तर तो उठायच्या आधी घर सोडायचो. बीला असलो तर परत येईपर्यंत तो झोपलेला. सीला असलो तर मी झोपलेला आणि तो शाळेत. मोठा होऊन तो बिलासपूरला नोकरीला लागला, त्यानंतर लक्षात आलं की त्याला डाव्या कानामागे तीळ आहे. लग्नात हळद लावताना पाहिला. त्याच्या वेळची राहिलेली ड्यूटी मी या पोरीवर करून राहिलो. तिला काय कळणार. तिची चूक नाही.

हे पान खोडायचं आहे. चिलमध्ये बसत नाही.

खोडलं. एकच रेघ मारली, कागद फाटतो.

२० जुलै, शनिवार. सकाळी १०

नवल. सकाळी पायल आपणहून अंगणात येऊन बसली. पेरूच्या झाडाखाली. विचारते, आजोबा, ये ए-बी-सी शिफ्ट क्या होता था, आपको नींद कब मिलती थी. मी सांगितलं. मग कास्ट हाऊस, टॅपिंग, लोखंड कसं सुटतं, पायात लाकडी बूट कसे, सगळं. एक तास ऐकलं. मध्येच उठून फोनवर बापाला म्हणाली, पापा, अपना कान दिखाओ. व्हिडिओ कॉल होता. प्रेमानंदला काही समजलं नाही. मलाही नाही. आजकालचे खेळ.

निष्कर्ष: तीन दिवस मी काही बोललो नाही, त्याचं हे फळ. चिल हे चुंबक आहे. अर्थ ११.

२२ जुलै, सोमवार

प्रगती अशी. टोकणं: आधी रोज वीस, आता रोज तीन (चप्पल, पंखा, फोन). फोन करणं: बंद, फक्त मिस कॉल. पाठीमागे जाणं: बंद, कारण सायकलचा खरंच वायसर गेला.

राजदीप येऊन हेल्मेट घेऊन गेला. फाटकाबाहेरूनच. मी आतून हात हलवला. एकही प्रश्न नाही. घशाशी आलेला गिळला, उचकी लागली.

२५ जुलै, गुरुवार. सकाळी ११

हॉस्टेलचा फॉर्म घरात आहे. फ्रिजवर, लोणच्याच्या बरणीखाली. पाहिला. उचलला नाही. पोरगी मोठी आहे, तिचा निर्णय ती घेईल, असं मी ठरवलं आहे.

दुपारी ३

फ्रिजवर ओल असते. कागद खराब होतो. म्हणून फॉर्म उचलून सुरक्षित जागी ठेवला. माझ्या गादीखाली, पायाच्या बाजूला. लपवला नाही. लपवणं आणि जपणं यात फरक आहे. एकतीस तारखेनंतर तिनं विचारलं तर लगेच काढून देईन.

२६ जुलै, शुक्रवार

फॉर्म गादीखाली नाही. डोक्याच्या बाजूलाही नाही. गादी उन्हात टाकलेली, चादर बदललेली. गयाबाई म्हणाली, ढेकूण झाले होते. आमच्या घरी ढेकूण कधी नव्हते. फ्रिजवर पाहिलं तर फॉर्म बरणीखाली.

म्हणजे मी उचललाच नव्हता. उचलल्याचं नुसतं मनात आलं असावं. चित्त इतकं शांत झालं की केलेलं आणि न केलेलं एक झालं. थोडी भीतीही वाटली. डॉक्टरला विचारावं.

२९ जुलै, सोमवार

फॉर्म तिथेच. कोरा. मी दिवसातून दोनदा पाहतो, फक्त लोणच्याच्या निमित्तानं. आज लोणचं चारदा घेतलं.

पायल हसतमुख. काल तिनं मला 'ळ' लिहून दाखवायला सांगितलं. मी पाटीभर काढून दिले. म्हणाली, आजोबा, ये तो दो रसगुल्ले हैं चिपके हुए. आता तिला भीती वाटत नाही. कावून शिकून राहिली, विचारलं नाही.

३० जुलै, मंगळवार. रात्री ८.३०

उद्या शेवटची तारीख. फॉर्म कोरा आहे, भरायचा म्हटला तरी फोटो, बापाची सही, हे सगळं एका दिवसात होत नाही. प्रेमानंद बिलासपूरला. म्हणजे काम फत्ते.

तीस दिवसांपूर्वी जो माणूस होता तो आज नाही. शब्दाचे अर्थ चौदा गोळा झाले. कमलेशला सांगितलं की याचं छोटं पुस्तक काढता येईल, झेरॉक्सवर. तो म्हणाला, चाचा, चिल.

बळीरामला सुद्धा सांगितलं, पोरगी थांबली. तो म्हणाला, तिनं सांगितलं का तुमाले? मी म्हणालो, चिल माणसाला सांगावं लागत नाही.

१ ऑगस्ट, गुरुवार. सायंकाळी ६.४०

काल लिहिणं झालं नाही. काल दुपारी प्रेमानंद आला. रजा टाकून. मला वाटलं आम्हाला भेटायला. आला आणि पायलच्या खोलीत जाऊन बॅगा बांधायला लागला. मी फ्रिजकडे गेलो. फॉर्म बरणीखालीच. प्रेमानंद मागून म्हणाला, बाबा, ते कोऱ्या फॉर्मचं झेरॉक्स आहे. ओरिजिनल ती चार तारखेलाच भरून आली, मीच सही करून पाठवला होता. तिनं तुम्हाला सांगितलं नाही?

चार तारीख. मी तीन तारखेला कमलेशच्या दुकानात अर्थ गोळा करत होतो. तेव्हा पंख्याकडे पाहत होता तो कमलेश, झेरॉक्स त्यानंच काढलेलं.

आज सकाळी सोडून आलो. प्रेमानंदनं गाडी केली होती. मोहन नगर. खोली तिसऱ्या माळ्यावर, तीन मुली, खिडकीला जाळी आहे. बघितली. हलवून बघितली. वॉर्डन बाईला प्रश्न विचारले, किती ते मोजले नाहीत. पायल फाटकापर्यंत आली. म्हणाली, आजोबा, घर जाके लॉगबुक लिखना. मी म्हणालो, हो. गाडी मोहन नगरच्या बाहेर निघाल्यावर विचार आला की हिला लॉगबुक कसं माहीत.

घरी येऊन रजिस्टरपुढे बसलो. चिमटा नव्हता. ना निळा ना लाल. पानं मोकळी. पंख्यानं फडफडून पहिल्या पानावर आली.

१ जुलै. 'हे रजिस्टर माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही.' खाली उजव्या चौकोनात: वाचलं. ग. त्याखाली: मैंने भी. पा.

पुढचं पान. 'घरात चिल आणायचाच.' चौकोनात: मले वाटलं कुलर आणून राहिले. ग.

५ जुलै: टॉर्च में नए सेल डाल दिए. पा.

८ जुलै: कल समोसा लेके रुकूँगी, पाँच बजे. पा.

११ जुलै: शेंगदाणे संपले होते. आणले. ग.

१६ जुलै: ग्यारह नहीं, तेईस. राजदीप ने गिने. पा.

२६ जुलै: फॉर्म भेटला. गादी झाडली. हे डॉक्टरले नका विचारू. ग.

अठरा दिवस लिहिलं, अठरा पानं, एकही चौकोन रिकामा नाही. नोकरीत सुद्धा इतकं पक्कं लॉगबुक राहिलं नसेल. बी शिफ्टचा गडी नेहमी सही विसरायचा. १९ जुलैच्या पानावर, जिथे मी रेघ मारली आहे, तिथे शेरा काहीच नाही. नुसत्या सह्या. पायलची दोनदा. एक रेघेच्या वर, एक चौकोनात. आणि गयाबाईनं सही करून वर बोटानं पुसल्यासारखं केलंय, शाई पसरली.

मी गयाबाईला विचारलं, तुला तर माझं अक्षर लागत नाही. ती म्हणाली, बेचाळीस वर्सं झाली, आता लागते. पोरीले बी सुरवातीले मीच वाचून दाखवलं. मग एवढे दिवस बोलली कावून नाही? म्हणाली, तुमी घरात बोलत नव्हते, वहीत बोलून राहिले होते. मंग मी बी वहीतच बोलली.

कालच्या तारखेचं पान मी लिहिलंच नव्हतं. पण ते भरलेलं आहे. पायलनं लिहिलं. रकाने पट्टीनं आखलेले, मराठीत, शाळेतल्या पोरासारखं गोल गोल. इथे उतरवत नाही, पान इथेच आहे, तरी उतरवतो.

'३१ जुलै. सोपवलं. फॉर्म मी ४ तारखेला भरला. तुम्ही चिल नाही म्हणून नाही. ऑगस्टपासून लैब आठला सुटेल अन् मला मैत्रिणींसोबत राहून पाहायचं आहे. तुम्हाला सांगणारच होती. पण सांगितलं असतं तर तुम्ही लिहिणं बंद केलं असतं, अन् मला रोज वाचायचं होतं. बाकी काम: बीपीची गोळी सकाळी. वायसर आणून टेबलच्या खणात ठेवला. पापाचा तीळ उजव्या कानामागे आहे, डाव्या नाही, मी पाहिला. शनिवारी चार वाजता येईन. तोपर्यंत शिफ्ट आजीकडे. मराठी पहिल्यांदा लिहून राहिली, चुका काढू नका. पायल.'

'काळजी' तिनं लिहिलेलं नाही कुठे. पण पानाच्या मागच्या बाजूला 'ळ' चा सराव आहे, दोन ओळी.

उजवा चौकोन रिकामा होता. सही केली. वेळ टाकली. 

आता पुढचं. शब्दाचा अभ्यास बंद. डिक्शनरी जागेवर ठेवली. Q पासून पुन्हा सुरू करावी म्हणतो.

शनिवारी चारला येणार. नऊ किलोमीटर म्हणजे स्कूटीला पंचवीस मिनिटं, वाटेत रेल्वेचं फाटक लागलं तर पस्तीस. मी फाटकाशी बसणार नाही. टॉर्चही घेणार नाही, सेल नवे असले तरी. तीस दिवसांची तपश्चर्या आहे, पाण्यात घालायची नाही. घरात बसेन, पेपर वाचेन, आली की म्हणेन, अरे, आज शनिवार का.

रजिस्टर टेबलावर उघडं ठेवतो. सवय म्हणून.

सोपवलं: केवलराम.

घेतलं: खुर्ची पुसून फाटकापाशी ठेवली. ग.